मराठीत रॅप की इंग्रजीत? पहिला ट्रॅक लिहिण्याआधी

बीट तयार आहे, वही समोर आहे आणि पेन अडलंय ते भाषेवर. कान इंग्रजी रॅपवर तयार झालेत, म्हणून मन तिकडे धावतं. माझं मत सरळ आहे: ज्या भाषेत तुम्ही भांडता, तिच्यात लिहा. पण इंग्रजीचे फायदे खरे आहेत, ते डावलू नका.

इंग्रजीत एका अक्षरात संपणारे शब्द भरपूर, ते ठोक्यावर नेमके बसतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो, ‘रस्त्यावरच्या’ म्हणेपर्यंत अर्धी ओळ संपते. शिवाय इंग्रजी जगभर पोचते. रॅपर हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ २०२४ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत गेलं. मात्र केरळात जन्मलेला हा गडी लहानपणी ह्यूस्टनला वाढलाय, तिथलं इंग्रजी त्याच्या अंगात मुरलेलं आहे. व्हिडिओ बघून उचललेली अमेरिकन ढब दोन-चार ओळींत उघडी पडते. इंग्रजीतच करायचं असेल तर आपला ‘ट’ आणि ‘ड’ ठणठणीत ठेवून करा.

मराठीतला खरा सापळा यमकाचा. क्रियापद शेवटी येतं आणि मग ‘रात्री उशिरा घरी येतो, गार जेवण एकटा खातो’ अशी ओळ पडते. यमक जुळतं, पण ऐकणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. आता क्रियापद हलवून बघा: ‘शिफ्ट सुटली दोनला, मिस्ड कॉल आईचा फोनला, ताटात गार पिठलं, भूक मेली, डोकं उठलं.’ शब्द मागेपुढे करूनही अर्थ ढळत नाही, आणि ही मुभा त्याच प्रत्ययांनी दिलेली आहे. इंग्रजीत ती फार कमी मिळते.

आणि पुस्तकी मराठी नको! ‘काय करत आहेस’ बीटवर रेंगाळतं. कोल्हापुरी ‘काय करालाईस’ सपकन जातं. नागपुरी ‘काय करून राह्यला बे’ मोठं आहे, पण त्या ‘बे’वर स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, आपोआप पडतो.

श्रोत्यांचं गणित मात्र डोळे उघडे ठेवून करा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक आहेत, पण हिंदीचा बाजार त्याहून कितीतरी मोठा. मुंबईचा रॅपर डिव्हाइनने सुरुवात इंग्रजीत केली, नाव झालं ते मुंबईच्या हिंदीत. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅनही हिंदीतूनच देशभर गेला. तुमच्या चाळीत, कट्ट्यावर हिंदीच चालत असेल तर तीही तुमचीच भाषा.

मराठीची ताकद वेगळ्या जागी आहे. पोवाड्याने आणि आंबेडकरी जलशाने इथल्या माणसाला डफाच्या तालावर भराभर सांगितलेली गोष्ट ऐकायची सवय लावलीय. पाण्याचा टँकर, एमपीएससीची रखडलेली भरती, गावची सोसायटी हे विषय घेणार असाल, तर ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांना शब्दन्‌शब्द कळायलाच हवा. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ च्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात आरेतल्या आदिवासी प्रकाश भोईरांचाच आवाज घेतला, तो मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी पोराने मात्र ओढूनताणून मराठीत लिहू नये. आजीशी फोनवर जेवढी मराठी बोलतो, तेवढीच गाण्यात येऊ दे, बाकीचं इंग्रजीत.