डिस्म आणि एसएफसी: विंडोजमधलीच रिपेअरची जोडी, स्वतः वापरून बघितल्यावर

पाचपैकी चार स्टार देतेय. आणि हा रिव्ह्यू विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा नाहीये, विंडोजमध्ये आधीपासून पडून असलेल्या दोन टूल्सचा आहे, एक एसएफसी म्हणजे सिस्टम फाइल चेकर आणि दुसरं डिस्म, दोन्ही विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणारी. पहिलं बऱ्याच जणांना माहीत असतं, दुसरं नसतं, आणि घोळ तिथेच होतो.

झालं असं की घरच्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू असताना लाईट गेली. परत चालू केला तर विंडोज उघडलं खरं, पण स्टार्ट दाबलं की काहीच होईना, सेटिंग्ज उघडायची आणि लगेच मिटायची, फाइल एक्सप्लोरर मधेच अडकायचा. आईच्या सगळ्या फोटोंचा फोल्डर त्याच मशीनवर, त्यामुळे कुणी "फॉरमॅट मार, सुटशील" म्हटलं की पोटात गोळा यायचा. सगळ्यात आधी मी फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केले. हे पहिलं करा, रिपेअर नंतर, प्लीज.

मग सर्चमध्ये जे पहिलं दिसलं ते एक "एका क्लिकमध्ये दुरुस्ती"वालं सॉफ्टवेअर टाकलं, नाव घेत नाही. दोन मिनिटांत शेकडो एरर लाल अक्षरांत दाखवले आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. त्यातले बहुतेक एरर म्हणजे रजिस्ट्रीतल्या (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवतं तिथल्या) जुन्या नोंदी आणि टेंपररी फाइल्स, ज्यांचा माझ्या प्रॉब्लेमशी काही संबंध नव्हता. राग आला मला, कारण घाबरलेला माणूस तिथे पैसे भरून टाकतो. लगेच काढून टाकलं.

आता मुद्द्याची गोष्ट. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी विंडो, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरने उघडायचा (हे विसरलात तर कमांड चालणारच नाही), आणि एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ, अर्थात टाइप इंग्रजीतच करायचं (sfc /scannow). माझ्याकडे साधारण पंधरा मिनिटं लागली. शेवटी मेसेज आला की खराब फाइल्स सापडल्या पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. इथेच बरेच जण हात टेकतात आणि फॉरमॅटकडे वळतात, मीही वळणार होते.

पण एसएफसी काम कसं करतं ते समजलं की पुढचा रस्ता दिसतो. ते सिस्टमची प्रत्येक संरक्षित फाइल तपासतं आणि बिघडलेली दिसली की तिची चांगली प्रत विंडोजच्याच आतल्या एका कोठारातून आणून बसवतं. हे कोठार म्हणजे विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस. आता कोठारातलाच माल खराब असेल तर एसएफसी आणणार कुठून? ते कोठार दुरुस्त करणं हे डिस्मचं काम. म्हणून क्रम असा की आधी डिस्म आणि मग एसएफसी, आणि एसएफसी आधीच चालवून झालं असेल तरी डिस्मनंतर परत चालवायचं.

डिस्मची कमांड लांबलचक आहे, डिस्म लिहून पुढे ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ, तिन्हींच्या आधी स्पेस आणि तिरकी रेघ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth). यातल्या ऑनलाइनचा इंटरनेटशी संबंध नाही बरं का, त्याचा अर्थ आत्ता चालू असलेलं विंडोज. इंटरनेट मात्र एरवी लागतं, कारण चांगल्या फाइल्स ते विंडोज अपडेटमधून आणतं. नेट नसेल किंवा सोर्स सापडत नाही असा एरर आला तर विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली प्रत) माउंट करून, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडून, त्यातली इन्स्टॉल डॉट विम किंवा इन्स्टॉल डॉट ईएसडी ही फाइल सोर्स म्हणून द्यायची, फक्त ती तुमच्याच व्हर्जनची आणि एडिशनची हवी, होमला प्रोची चालत नाही.

आणि आता तो कापलेला एक स्टार. डिस्म माझ्याकडे ६२.३ टक्क्यांवर जाऊन बसलं ते जवळजवळ अर्धा तास हललंच नाही. ना मेसेज, ना काय चाललंय त्याचा पत्ता. खूप जणांना नेमका याच आकड्याचा अनुभव आलाय हे मला आधी माहीत असतं तर जीव एवढा टांगणीला लागला नसता. विंडो बंद करू नका, थांबा. थोड्या वेळाने ते एकदम १०० वर गेलं. दुसरी तक्रार लॉगची, म्हणजे टूलने काय काय केलं त्याच्या नोंदीची, सीबीएस डॉट लॉग नावाची ही अवाढव्य फाइल, कुठली फाइल दुरुस्त झाली ते बघायला त्यात चौकोनी कंसात एसआर लिहिलेल्या ओळी शोधत बसावं लागतं. घरच्या माणसाने हे कसं वाचायचं?

पण काम? काम चोख. रीस्टार्ट केलं, परत एसएफसी चालवलं, यावेळी सगळ्या खराब फाइल्स दुरुस्त झाल्याचा मेसेज, स्टार्ट मेनू उघडला, सेटिंग्ज उघडून उघडीच राहिली. एकही फोटो, एकही प्रोग्राम गेला नाही.

मात्र ही जोडी फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बघते. तुमची डॉक्युमेंट्स, बिघडलेलं यूजर प्रोफाइल, बाहेरून टाकलेले प्रोग्राम, यांचं ती काही करत नाही. विंडोज उघडतच नसेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी चालवता येतं, पण तिथे सी ड्राइव्हचं अक्षर कधीकधी बदललेलं असतं ते बघून घ्या. दोन्ही टूल्स हरली तरी फॉरमॅट लगेच नको, विंडोज चालू असताना आयएसओमधला सेटअप चालवून फाइल्स आणि ॲप्स ठेवा असा पर्याय निवडला की सिस्टम नव्याने बसते आणि तुमचं सामान जागेवर राहतं. विंडोज ११ च्या नव्या व्हर्जन्समध्ये तर रिकव्हरीत विंडोज अपडेट वापरून तेच करायचं बटणच दिलंय.

माझी गोष्ट इथे संपली नाही. दोन आठवड्यांनी एसएफसी सहज परत चालवलं तर पुन्हा खराब फाइल्स, आणि यावेळी तर लाईटही गेली नव्हती. तेव्हा कळलं की फाइल्स आपोआप सडत नसतात, खाली काहीतरी बिघडलेलं असतं, डिस्क नाहीतर रॅम. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, रॅम ठीक निघाली. मग डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघितला तर खराब सेक्टर वाढत चाललेले. अशा डिस्कवर चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या टूलचा पूर्ण स्कॅन चालवायच्या आधी डेटा बाहेर काढा, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला तो ताण झेपेलच असं नाही.

डिस्क बदलून एसएसडी टाकली, विंडोज नवीन बसवलं, आईचे फोटो परत कॉपी केले. आता महिन्यातून एकदा एसएफसी व्हेरिफायओन्लीने चालवते, त्यात काही बदलत नाही, नुसतं तपासून होतं. काल रात्रीच चालवलं, एकही खराब फाइल नाही.