सहकार्य-सॉफ्टवेअरची मदतपृष्ठे: डॉक्युसॉरस की स्फिंक्स?

संदेश, सामायिक फाइली, बैठका आणि परवानग्या एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मदतपृष्ठे लिहायची आणि ती एकापेक्षा अधिक भाषांत ठेवायची असे ठरले, की निवड बहुधा तीन पर्यायांवर येऊन थांबते: ब्राउझरमध्येच लिहिता येणारा विकी, मार्कडाउनवर (साध्या मजकुरात सोप्या खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीवर) चालणारे, फाइलींपासून संकेतस्थळ तयार करणारे डॉक्युसॉरससारखे साधन आणि तेच काम करणारे स्फिंक्स. हे तिन्ही पर्याय मी कामासाठी वापरले आहेत. पुढील मत त्या अनुभवावर आधारलेले आहे. ज्यांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे त्यांना ते तसेच्या तसे लागू होईल असा माझा दावा नाही.

विकीविषयी फार लिहिण्याची गरज वाटत नाही. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा सहकारीही त्यात क्षणात दुरुस्ती करू शकतो, आणि हे सुख लहान नाही. परंतु सॉफ्टवेअरमधला बदल आणि मदतीतला बदल एकाच तपासणीतून जाण्याची सोय विकीत नसते. त्यामुळे वैशिष्ट्य प्रसिद्ध होते आणि त्याचे पान मागाहून कधीतरी येते. मदत केवळ संस्थेतल्या माणसांसाठी असेल तर विकी पुरेसा आहे.

खरी तुलना उरलेल्या दोघांत आहे. फेसबुकने 2017 मध्ये खुले केलेले डॉक्युसॉरस सुरुवातीलाच मन जिंकते. मार्कडाउन बहुतेकांना येत असते, लिहिता लिहिता पान समोर बदलताना दिसते, आणि कोणतीही सजावट न करता संकेतस्थळ नीटनेटके उभे राहते. तुटलेला अंतर्गत दुवा सापडला तर अंतिम बांधणी (फाइलींपासून संकेतस्थळ तयार होण्याची क्रिया) थांबते, ही त्याची मूळ सेटिंग मला विशेष आवडते, कारण मदतपृष्ठांत दुवे सतत तुटत असतात. एका भाषेतली मदत लिहायची असती तर मी इथेच थांबलो असतो आणि हा आढावा लिहिण्याचे कारणही उरले नसते.

अडचण दुसऱ्या भाषेपासून सुरू होते. डॉक्युसॉरसच्या मूळ रचनेत प्रत्येक भाषेसाठी मार्कडाउन फाइलीची वेगळी प्रत ठेवली जाते. मूळ पान आणि त्याचे भाषांतर या दोन स्वतंत्र फाइली होतात, आणि मूळ फाइलीतले एखादे वाक्य बदलले तर भाषांतरित फाइलीला त्याचा पत्ता लागत नाही. त्यात आवृत्त्यांची भर पडते. ज्या संस्था हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, त्यांच्याकडे जुनी आवृत्ती दीर्घकाळ टिकून असते, म्हणून तिची मदतही टिकवावी लागते. डॉक्युसॉरसमध्ये नवी आवृत्ती नोंदवताना संपूर्ण मजकुराची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. भाषा आणि आवृत्त्या यांचा गुणाकार झाला की एकाच परिच्छेदाच्या कितीतरी प्रती नांदू लागतात.

हा त्रास किती खोल जातो ते मला एका परिच्छेदाने दाखवले. फाइलीचा सार्वजनिक दुवा ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होतो, असे मूळ मदतीत होते. पुढे सॉफ्टवेअर बदलले, मुदत घालणे ऐच्छिक झाले, मूळ पानातले वाक्य त्याच दिवशी दुरुस्त झाले. भाषांतरित पान मात्र जुनेच आश्वासन देत राहिले, आणि ते वाचणाऱ्या माणसाने दुवा बंद झाला असेल या भरवशावर फाइल उघडीच ठेवावी, अशी स्थिती निर्माण झाली. पान सुबक होते, दुवे शाबूत होते, बांधणी निर्वेध पार पडत होती. चूक दाखवणारी खूण कुठेही नव्हती. सहकार्य-सॉफ्टवेअरच्या मदतीत कोणाला काय दिसते हाच प्रश्न मध्यवर्ती असतो. त्यामुळे शिळे भाषांतर हा इथे केवळ लेखनदोष राहत नाही, वाचकाची माहिती त्यामुळे उघड्यावर पडू शकते. माझा निर्णय या एका गोष्टीने केला.

स्फिंक्स 2008 मध्ये पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी तयार झाले, आणि नेक्स्टक्लाउडसारख्या सहकार्य-सॉफ्टवेअरच्या पुस्तिका त्यावरच बांधल्या जातात. भाषांतरासाठी ते जुन्या आणि कसलेल्या गेटटेक्स्ट पद्धतीचा आधार घेते. मूळ मजकुरातला प्रत्येक परिच्छेद ही एक नोंद होते आणि तिच्याखाली भाषांतर लिहिले जाते. मूळ परिच्छेदात थोडा बदल झाला की भाषांतराची फाइल अद्ययावत करताना त्या नोंदीवर 'फझी' (म्हणजे अनिश्चित, पुन्हा तपासावी अशी) खूण पडते. भाषांतरकाराने ती तपासून काढेपर्यंत बांधणीत जुने भाषांतर वापरले जात नाही. त्या जागी मूळ भाषेतला परिच्छेद दिसतो. मराठी पानाच्या मध्येच इंग्रजी परिच्छेद येणे डोळ्यांना खुपते हे मान्य आहे. परंतु मराठीतली चुकीची सूचना आणि इंग्रजीतली बरोबर सूचना यांत निवड करायची असेल, तर परवानग्यांच्या बाबतीत मी दुसरी पत्करतो. नोंद परिच्छेदाची असल्यामुळे परिच्छेद आखूड ठेवण्याची सवय लागते, आणि त्याचा लाभ मूळ मजकुरालाही होतो.

दुसरे एक सुख स्फिंक्समध्ये मिळाले, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. बटणाचे किंवा मेनूचे नाव लिहिण्यासाठी त्यात 'गुईलेबल' ही स्वतंत्र खूण आहे. मार्कडाउनमध्ये बटणाचे नाव ठळक केले जाते आणि महत्त्वाचा शब्दही ठळकच केला जातो, त्यामुळे कोणते ठळक अक्षर म्हणजे बटण हे यंत्राला कळत नाही. स्फिंक्समध्ये सगळी बटणनावे वेगळी काढून ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषांतर-फाइलीशी ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम लिहिता येतो. पडद्यावर 'सामायिक करा' आणि मदतीत 'शेअर करा' अशी विसंगती त्यामुळे प्रसिद्धीपूर्वीच पकडली जाते.

स्फिंक्सचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्याची मूळ रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही लेखनपद्धत नव्या माणसाला काटेरी वाटते, आणि मराठीत तिचा एक खास काच जाणवतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात; 'सेटिंग्जमध्ये' लिहिताना फक्त 'सेटिंग्ज' एवढाच भाग ठळक करायचा असेल, तर खुणेच्या शेवटी लगेच अक्षर आलेले त्या पद्धतीला चालत नाही, आणि मध्ये उलटी तिरकी रेघ (\) व मोकळी जागा घालून तिची समजूत काढावी लागते. मार्कडाउनमध्ये हीच जोडणी बहुतेक वेळा सहज जमते. स्फिंक्समध्ये मिस्ट हा विस्तार बसवून मार्कडाउन लिहिता येते आणि 'गुईलेबल'सारख्या खुणाही वापरता येतात, त्यामुळे हा काच बराच सैल होतो. मूळ सजावट साधी आहे. तिच्यावर थोडी मेहनत घ्यावी लागते. अंगभूत शोधात काही भाषांच्या शब्दरूपांची सोय आहे, पण त्या यादीत मराठी नाही.

डॉक्युसॉरसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या फाइली क्राउडिनसारख्या भाषांतर-सेवेतून नेल्या तर मजकुराचे तुकडे पडतात आणि बदललेला तुकडा वेगळा ओळखू येतो. ज्यांच्याकडे अशी सेवा आधीपासून चालू आहे, ज्यांची टीम डॉक्युसॉरसच्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत मुरलेली आहे आणि ज्यांना एकच आवृत्ती सांभाळायची आहे, त्यांनी डॉक्युसॉरस निवडले तर त्यात मला काहीच वावगे दिसत नाही. मात्र भाषांतराचे काम मोजकी माणसे सवडीने करत असतील आणि जुन्या आवृत्त्याही जपायच्या असतील, तर शिळेपणाचा हिशेब बाहेरच्या सेवेवर न सोपवता साधनानेच ठेवावा, असे मला वाटते.

निर्णयापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. परवानग्यांविषयीचे सर्वांत गुंतागुंतीचे पान दोन्ही साधनांत बसवा, त्याचे भाषांतर करून घ्या, मग मूळ पानातले मधलेच एक वाक्य बदला आणि भाषांतरकाराला काहीही न सांगता हा बदल त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो ते पाहा.