स्टोरीवीव्हर: पहिली ते चौथीच्या इंग्रजीला कितपत उपयोगी?

प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेलं स्टोरीवीव्हर म्हणजे चित्रगोष्टींचं ऑनलाइन ग्रंथालय. इंग्रजी, मराठी दोन्ही, आणि फुकट. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेला आणखी काय हवं? तरी आधी खोट सांगायला हवी.

प्रत्येक गोष्टीला १ ते ४ अशी पातळी असते. ती मुख्यतः शब्दसंख्येवर आणि वाक्यांच्या लांबीवर बेतलेली आहे. घरी इंग्रजी कानावरच पडत नाही, अशा मुलाचा हिशेब त्यात नाही. पातळी २ची गोष्ट दुसरीत नेली, की तिसऱ्या पानावर मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. चौथीलाही पातळी १ खुशाल चालते. आकड्यापेक्षा परत परत येणारं वाक्य बघा. दर पानावर ‘व्हेअर इज माय कॅट?’ येत असेल, तर चौथ्या पानापासून वर्ग ते आपणहून म्हणतो. नवे शब्द सहा-सातच असावेत. इथे कुणीही गोष्ट टाकू शकतं, तेव्हा प्रकाशक म्हणून प्रथम बुक्सचं नाव आहे ना, तेही बघा.

पहिल्या दिवशी नुसती चित्रं, गप्पा मालवणीत. दुसऱ्या दिवशी इंग्रजीतून, हातवारे करत. वाक्यागणिक मराठी अर्थ सांगू नका. बहुतेक वर्गांत इथेच बिघडतं: अर्थ मिळणार हे कळलं की मुलं इंग्रजी ऐकायचं सोडतात आणि मराठीची वाट बघत बसतात. तिसऱ्या दिवशी पानं पिसून क्रमाने लावायला द्या.

चित्रात मासा आणि खाली नुसतं ‘फिश’, हे किनाऱ्यावरच्या पोराला पटत नाही. ‘खयचो मासो?’ तो विचारणारच. ‘धिस इज अ बांगडा’ म्हणू द्या. वाक्य इंग्रजीच आहे.

काही गोष्टी आवाजासह आहेत, वाचताना शब्द उजळत जातो. ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच वाटणाऱ्या कानांना त्याचा चांगला आधार होतो.

ए४वर छापलं तर मागच्या रांगेला दिसत नाही. वीस-पंचवीस मुलांना ए३ लागतो, तोही लॅमिनेट केलेला. पावसाळी दमटपणात साधा कागद मऊ पडून कडा वळतात. परवाना सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्स) आहे, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून वाक्यं छोटी करता येतात. पीडीएफ मात्र मे महिन्यातच उतरवून घ्या. जूनमध्ये लाइट असली तर रेंज नसते.