गिझर दुरुस्ती, कोथरूड : निदान चोख, वेळ मात्र बेभरवशाची

आमच्या पंधरा लिटरच्या गिझरचे बटण दाबताच घरातील आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असे. आधी आलेल्या एका तंत्रज्ञाने झाकणही न उघडता नवा गिझर घेण्याचा सल्ला दिला होता. म्हणून शेजारच्या काकांनी सुचवलेल्या कोथरूडमधील एका छोट्या दुकानातील कारागिरांना बोलावले. ते सांगितलेल्या वेळेनंतर दोन तासांनी आले, पण काम पाहिल्यावर राग ओसरला.

मेन स्विच बंद करून, वीजप्रवाह नसल्याची खात्री करून त्यांनी एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या भागाच्या) तारा सोडवल्या. मल्टिमीटरवर रोध सुमारे २६ ओहम आला, जो २३० व्होल्टवरील २,००० वॉटच्या एलिमेंटसाठी योग्यच असल्याने एलिमेंट निर्दोष आहे असे मला (उगाचच) वाटले. मात्र ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंटची तार आणि टाकी यांच्यातील इन्सुलेशन (वीज गळू न देणारा रोध) तपासले, तेव्हा ते जवळजवळ शून्य निघाले. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांच्या थराखाली एलिमेंटच्या नळीला बारीक चीर पडली होती. तीतून पाणी आत शिरून प्रवाह अर्थिंगकडे गळत होता आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आपले काम चोख बजावत होती.

थर्मोस्टॅट चांगला असल्याने त्यांनी तो बदलला नाही. एलिमेंट, गॅस्केट आणि झिजलेला ॲनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) एवढेच नवे बसवले, टाकी पूर्ण भरल्यावरच वीज सुरू केली आणि जुना एलिमेंट माझ्या हाती दिला. छापील पावती मात्र दोनदा मागूनही मिळाली नाही.