पंचगंगेसाठी क्वाल-टू-के घ्यावं की स्वम?

जयंती आणि दुधाळी नाल्यांतून नदीत उतरणारं सांडपाणी पुढे कुठवर जातं आणि जाताना त्याचं काय होतं, हे दाखवायचं असेल तर मॉडेल कोणतं धरावं? कोल्हापुरात एम.टेक.चा प्रकल्प करणाऱ्यांपासून सल्लागारांपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न पडतो. क्वाल-टू-के हे नदीतल्या पाण्याच्या गुणवत्तेचं संगणकी मॉडेल आणि एसडब्ल्यूएमएम, म्हणजे आपलं स्वम, हे शहरातलं पावसाचं पाणी आणि सांडपाणी कसं वाहतं ते दाखवणारं; दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींची मॅन्युअलं चांगली आहेत. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, आणि अमोनिया, फॉस्फेट हेही तुम्हाला नव्याने सांगायला नको. मी दोन्हींवर काम केलंय आणि आता बहुतेक वेळा एकच उघडतो. त्याचं कारण सांगतो.

आधी क्वाल-टू-केबद्दल चांगलं बोलतो, कारण त्याचा तो मान आहे. नदीच्या पोटात काय चालतं याची त्याची समज स्वमला नाही. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपर्यंत तापलं की अगदी स्वच्छ पाण्यातही विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७.५ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. आंघोळीच्या पाण्याचा निकष किमान ५ चा. म्हणजे नदीच्या हाताशी उरतात जेमतेम अडीच. त्यातलं बीओडी किती खातं, अमोनियाचं नायट्रेट होताना किती जातं, तळाचा गाळ किती ओढतो, शेवाळ दिवसा किती भरून काढतं आणि रात्री किती परत घेतं, हा सगळा हिशेब क्वाल-टू-के तासागणिक मांडतं. एक्सेलमध्ये चालत असल्यामुळे गाईडला किंवा अधिकाऱ्यांना समोर बसवून दाखवायलाही सोपं. एप्रिलमधल्या संथ नदीचा एक दिवस दाखवायचा असेल, तर मी आजही तेच सुचवेन.

माझी गाडी अडली ती बरग्यांपाशी, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवतात त्या फळ्यांपाशी.

राजाराम बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे बसतात, मागे फुगवटा धरतो, आणि पावसाच्या तोंडावर बरगे निघतात. जयंती नाला नेमका याच फुगवट्यात येऊन मिळतो. तिथे पाणी मुरत पडतं, गाळ तळाला बसतो, ऑक्सिजन खालावतो. मग बरगे निघतात आणि ते साठलेलं पाणी एकदम खाली सुटतं, शिरोलीच्या पुलाखालून रुई-इचलकरंजीकडे. वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर हेच पुन्हा घडतं. काठाला मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बऱ्याचदा अशी सुटलेली लाट असावी असं मला वाटतं.

क्वाल-टू-केमध्ये प्रवाह स्थिरच धरावा लागतो. बंधारा टाकता येतो, त्याची उंची-रुंदी देता येते, पण चालू रनमध्ये, म्हणजे मॉडेल एकदा चालवायला घेतलं की मध्येच, त्याचे बरगे काढता येत नाहीत. बरगे असतानाचा एक रन घ्या, काढल्यानंतरचा दुसरा घ्या. दोन्ही आलेख अगदी गुळगुळीत येतात, आणि मधले जे काही तास माशांच्या जिवावर उठतात ते दोन्हींत नसतात. नाल्याचंही तसंच. नाल्याचं पाणी उचलणाऱ्या उपसा केंद्रातले पंप थांबले किंवा वळवाचा पाऊस कोसळला की नाल्यावरच्या बांधावरून मैलापाणी थेट नदीत जातं. हा तासाभराचा खेळ दिवसाच्या सरासरीत पार विरून जातो. इथल्या नदीचं दुखणं अशा तासांमध्येच आहे, असं मला काम करता करता वाटू लागलं.

स्वममध्ये बंधारा वेअर (वरून पाणी सांडणारी भिंत) म्हणून टाकायचा आणि कंट्रोल रूल, म्हणजे कधी काय बदलायचं ते सांगणारा नियम, लिहून त्याचा माथा वेळेनुसार खाली आणायचा. पंपांनाही असेच रूल. एवढ्यावर लाट दिसते. माझ्या मॉडेलात अमोनियाचा चढ शिरोलीला ज्या सुमारास पोचला, तो काठावरच्या शेतकऱ्यांनी ‘काळं पाणी आलं’ म्हणून सांगितलेल्या वेळेशी बराचसा जुळला. याला कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेल्या आकड्यांशी मॉडेल जुळवून घेणं, म्हणता येणार नाही, पण माझा विश्वास बसायला तेवढं पुरलं.

शहराच्या बाजूचं काम तर स्वमचंच. रस्त्यावर साचणारी घाण आणि पहिल्या पावसात तिचं धुऊन जाणं त्यात थेट मांडता येतं. उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या भागातला धातूचा चुरा गाळाच्या प्रमाणात बांधून देता येतो. नळाला पाणी सोडायच्या वेळा धरून सांडपाण्याचा तासावार पॅटर्नही बसवता येतो.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. स्वम प्रत्येक लिंकमधलं, म्हणजे मॉडेलातल्या नदी-नाल्याच्या एकेका तुकड्यातलं, पाणी पूर्ण ढवळलेलं धरतं, त्यामुळे फुगवट्याचा लांब पट्टा एकाच लिंकमध्ये टाकलात तर लाट पसरट होते. तो तुकड्यांत तोडावा लागतो. ऱ्हास फक्त पहिल्या क्रमाचा, म्हणजे जेवढं प्रदूषण शिल्लक तेवढ्याच प्रमाणात घटणारा. ऑक्सिजनचा हिशेब नाही. तो मी स्वमचं बीओडी घेऊन वेगळ्या शीटमध्ये स्ट्रीटर-फेल्प्सच्या, म्हणजे बीओडीवरून ऑक्सिजनची घट काढायच्या, सूत्रांनी करतो. बरगे निघताना ढवळून वर येणारा गाळही त्याला कळत नाही, म्हणून तेवढा भार नोडवर (लिंक जोडणाऱ्या बिंदूवर) टाइम सिरीज म्हणून, म्हणजे वेळेनुसार आकडे भरून, बाहेरून द्यावा लागतो, आणि तो आकडा शेवटी अंदाजाचाच. गाळात बसलेले धातू हाच तुमचा मुख्य विषय असेल तर या दोघांच्या नादी न लागता वास्प हे तिसरं मॉडेल पाहा. शिकायला वेळ जाईल, पण ते त्याच कामाचं आहे.

तेव्हा रंकाळा तलावासारखं साठलेलं पाणी आणि त्यातलं शेवाळ डोक्यात असेल, तर क्वाल-टू-के आणि स्वम यातलं एकही नीट बसणार नाही. नदीचा उन्हाळी ऑक्सिजन हवा असेल तर क्वाल-टू-के. पण नाला, पंप, बंधारा आणि नदी एका सूत्रात बांधायची असतील, तर स्वम घ्या असंच मी म्हणेन, आणि कोल्हापुरात बहुतेकांना तेच हवं असतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

स्वम घेणार असाल तर मे संपायच्या आत बंधाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून ठेवा. बरगे कधी निघाले, कुठल्या गाळ्यापासून (दोन खांबांमधल्या जागेपासून) सुरुवात झाली आणि एकेक गाळा मोकळा व्हायला किती वेळ लागला, हे त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या आणि शिरोली पुलावर तासातासाने नमुने घ्यायला माणूस उभा करा. कंट्रोल रूलमध्ये भरायच्या वेळा तिथूनच मिळतात.