छापखान्यात वाढलो, तरी ड्यूररच्या नावावर फसलो

जर्मनीतलं न्युरेंबर्ग म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचं गाव. इथे त्याचं घर आहे, पुतळा आहे, विमानतळालासुद्धा त्याचंच नाव. नोकरीसाठी इथे राहणाऱ्या माझ्यासारख्याला कधीतरी त्याचं काहीतरी घरी असावंसं वाटणारच, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

जुन्या बाजारात एका आजोबांनी फ्रेम पुढे केली. तळहाताएवढं चित्र. गुडघे टेकलेली मेरी मॅग्डालीन आणि थडग्यातून उठलेला येशू, डोक्यावर रुंद टोपी, हातात फावडं. ती त्याला माळी समजते, तो बायबलमधला प्रसंग. 'ए'च्या पायांत 'डी' अशी ड्यूररची खूणही होती. "छोट्या पॅशन मालिकेतलं, १५११ची छपाई," आजोबा म्हणाले. येशूच्या यातनांवरची ही मालिका खरी आहे, ३७ लाकडी ठशांची. चित्राभोवती कागद दबून चौकोन उमटला होता, तो दाखवून म्हणाले, "हा बघा, प्रेसचा दाब!" मागे तपकिरी कागद चिकटवलेला. तो फोडायचा नाही, किंमत जाते म्हणे. मी ४२० युरो रोख मोजले. पावती मागायची लाज वाटली, हे कबूल करतो.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. त्यांनी इचलकरंजीला तीस वर्षं ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, लग्नपत्रिका छापल्या. दोन मिनिटं बघून म्हणाले, "अरे, मागून रेषांचा दाब उठलाय का?"

मागून मी बघितलंच नव्हतं.

तपकिरी कागद फाडला. चित्र पुठ्ठ्यावर डकवलेलं. वाफ देऊन सोडवलं तर मागे गुळगुळीत कागद, रेषांच्या दाबाचा मागमूस नाही, आणि कोपऱ्यात पान क्रमांक ११२. कुठल्यातरी चित्रांच्या पुस्तकाचं पान! १५११च्या पुस्तकातल्या पानामागे लॅटिन कविता असायला हव्या होत्या. भिंग लावलं तर मोकळ्या जागेतही पिवळे-तांबडे ठिपके दिसले. म्हणजे कागदाचा जुनाटपणासुद्धा छापलेला.

आणि तो चौकोन? तसा चौकोन तांब्याच्या पत्र्यावरून छापलं की पडतो. लाकडी ठशात रेषा उंच असतात, आपल्या छापखान्यातल्या ब्लॉकसारख्या. तिथे पत्र्याची कड उमटायचं कारणच नाही. ज्या खुणेवर मी भाळलो, तीच खोटेपणाची खूण होती.

ड्यूररला हे नवं नव्हतं. व्हेनिसमध्ये मार्कांतोनियो रायमोंदी या इटालियन कोरीवकाम करणाऱ्याने त्याची चित्रं या खुणेसकट तांब्यावर उतरवली होती. १५११च्या पुस्तकांत त्याने चोरांना दम भरला आहे, सम्राट माक्सिमिलियानचं नाव घेऊन.

पुढच्या बाजारात गेलो, तिथे दुसरंच कुणी चमचे विकत होतं. बाबा मात्र रोज विचारतात, "फ्रेम तरी लाकडाची आहे ना?"

ती फायबरची निघाली. अजून सांगितलेलं नाही.