ॲप्लिकेशन बनवायला शिकताना आधी जावा की पायथन?

मुंबईत बी.एस्सी. आयटी करणारे विद्यार्थी आणि वाणिज्य शाखेतून नोकरी सांभाळत या क्षेत्राकडे वळू पाहणारे लोक मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधून, ॲप्लिकेशन बनवायचे, तर सुरुवात जावाने करावी की पायथनने? दोन्ही प्रोग्रामिंग भाषा चांगल्या आहेत आणि दोन्ही फुकट मिळतात. पण कल्याण ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास करून ज्याच्या हाती रात्री जेमतेम दीड तास उरतो, त्याला एकच निवडावी लागते.

वयाने दोघी जवळपास सारख्याच आहेत. गिडो व्हान रॉसम यांनी पायथन १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, तर जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडवलेली जावा १९९५ मध्ये लोकांसमोर आली. खरा फरक स्वभावाचा आहे, आणि तो दाखवायला मी नेहमी पोळीभाजी केंद्राच्या डब्यांच्या वहीचे उदाहरण घेतो.

या वहीत ‘ग्राहक’ हा क्लास, म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीचा साचा, असतो. त्यात नाव, रोजचे डबे आणि बाकी एवढी माहिती असते, आणि ‘पैसे_जमा’ ही मेथड, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेली कृती, मिळालेली रक्कम बाकीतून वजा करते. दोन्ही भाषांत नावे देवनागरीत लिहिता येतात. एका विद्यार्थ्याने पायथनमध्ये ही मेथड लिहिताना ‘बाकी = बाकी - रक्कम’ अशा ओळीत, जिथे उजवीकडचे उत्तर डावीकडच्या नावात साठते, उजवीकडे ‘बाकी’ असे बरोबर लिहिले, पण डावीकडे ऱ्हस्व वेलांटी देऊन ‘बाकि’ लिहिले. पायथनने काहीही तक्रार न करता ‘बाकि’ नावाचा नवा गुणधर्म तयार केला, जुनी ‘बाकी’ होती तशीच राहिली, आणि पैसे भरलेला ग्राहक महिनाअखेरीस थकबाकीदार दिसू लागला. चूक सापडायला आम्हाला संपूर्ण संध्याकाळ लागली. जावामध्ये हा प्रोग्राम कंपाइलच झाला नसता, कारण न घोषित केलेले नाव कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून रूपांतरित करणारे साधन, स्वीकारत नाही. शिवाय ‘बाकी’ प्रायव्हेट ठेवली, तर तिला क्लासच्या बाहेरून कोणी परस्पर हात लावू शकत नाही. पायथनमध्ये नावाआधीची अधोरेखा ही केवळ विनंती असते. पायलिंटसारखे कोड तपासणारे साधन वापरले, तर पायथनमध्येही अशा चुका पकडता येतात, पण नवशिक्याला ते वापरायचे असते हेच ठाऊक नसते.

म्हणून कोणती माहिती कोणाच्या ताब्यात असावी, हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचाराचा गाभा जावा अधिक पक्का शिकवते, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीलाच फार लिहावे लागते, ही तिच्याविषयीची जुनी तक्रार रास्त होती. २०२५ च्या जावा २५ मध्ये मात्र पहिला छोटा प्रोग्राम क्लासची चौकट न लिहिताही चालतो.

पायथनची बाजू वेगळ्या ठिकाणी भक्कम आहे. हीच वही जँगो या पायथनच्या वेब ॲप्लिकेशन बनवण्याच्या तयार चौकटीत केली, तर ग्राहकांची नोंद करण्याचे स्क्रीन जवळजवळ आयते मिळतात, आणि केंद्र चालवणाऱ्या काकूंना त्याच आठवड्यात काहीतरी वापरून पाहता येते. जावामध्ये तिथपर्यंत पोहोचायला स्प्रिंग बूट ही तशीच चौकट, लागणारे तयार भाग आणून प्रोग्राम बांधणारे मेव्हन आणि डेटाबेसची (नोंदी साठवण्याच्या जागेची) जोडणी यांतून जावे लागते. काम करून थकलेल्या माणसाचा उत्साह टिकण्यासाठी हा फरक लहान नाही, आणि कार्यालयातल्या एक्सेल फायलींचे रोजचे काम हलके करायचे असेल, तर पायथनच घ्यावी.

मोबाइल ॲप हेच ध्येय असेल, तर प्रश्न बदलतो. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून तिलाच प्राधान्य दिले. कोटलिन जावाच्या कोडसोबत सहज चालते, त्यामुळे जावाचा अभ्यास वाया जात नाही. मात्र अँड्रॉइड ॲप बनवण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरसाठी लॅपटॉपमध्ये किमान ८ जीबी रॅम हवी. पायथन साध्या जुन्या लॅपटॉपवरही शिकता येते.

नोकरीसाठी सहा महिने देता येत असतील, तर मी आधी जावा सुचवेन, कारण बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या प्रणालींत ती खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यानंतर पायथन शिकणे सोपे जाते. महिनाभरात स्वतःच्या कामाला उपयोग हवा असेल, तर पायथन घ्या आणि पायलिंटसारखे साधन पहिल्या दिवसापासून वापरा.

शिकवणी लावताना भाषेइतकेच आणखी एक पाहावे. दादरच्या एका शिकवणीत मी पूर्ण फी भरली होती. तिथे तीन आठवडे ‘प्राणी’ या क्लासपासून कुत्रा आणि मांजर तयार करण्यात गेले आणि डेटाबेसला शेवटपर्यंत हात लागला नाही. फी भरण्याआधी विचारा: अभ्यासक्रम संपताना नोंदी साठवणारे, बंद करून पुन्हा उघडल्यावरही त्या दाखवणारे एक ॲप्लिकेशन मी स्वतः लिहिलेले असेल का?